शेंदूर लागलेला बोल्ट

फ्यूज घ्यायला लोक दुकानात जातात आणि म्हणतात, मोठा द्या, सारखा जाणार नाही असा द्या. आयुष्यभर मी हेच ऐकलं. अरे, फ्यूज जायसाठीच घ्यायचा असतो. तो गेला नाही तर दुसरं काहीतरी जातं. गाडीत आवाजाचं मशीन बसवायचं असेल तर दोनच गोष्टी नीट बघायच्या. फ्यूज केवढा, आणि परतीची वायर कुठं आवळली. बाकीचे नट-बोल्ट कुणीही आवळतं.

हे आता लिहायला बसलो, कारण जिच्यामुळं मला ह्या दोन गोष्टींची धास्ती बसली ती यंदा गेली. माझी बायको. अंथरुणात गेली, वय झालं होतं, छातीत पाणी झालं होतं. पण ती तरणी असतानाच जायची होती, एका जीपमध्ये, भर उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत. ती जीप तिच्यावर टपून बसली होती असं मला अजून वाटतं. जीपला काय कळतं म्हणा. पण वाटतं.

माझं शिक्षण दुसरी. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली. पुढं भूमला एका रेडिओच्या दुकानात झाडू मारता मारता वायरी जोडायला शिकलो, आणि जुनं मशीन आणि दोन भोंगे घेऊन लग्नाकार्यात माईक लावायला लागलो. बायको सातवी शिकलेली. आमच्यात ती शिकलेली आणि मी अडाणी, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तसं दाखवायची गरजही नव्हती, घरात आलेला प्रत्येक कागद तीच वाचायची.

मग परत पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी नुसता शिंतडून गेला. लग्नं कमी झाली, आणि जी झाली त्यांत मला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. त्याचं असं होतं की लाईटीवर मशीन चालवायचं तर अर्थिंग लागतं. जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, भोवती मीठ आणि कोळसा टाकायचा आणि वरून घागरभर पाणी ओतायचं. जमीन ओली नसली तर करंटाला परतायला वाट मिळत नाही, आणि माईक ओठाला चावतो. बेंबळीच्या एका लग्नात मी पाणी मागितलं. मांडवात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हितं माणसं तहानंली मरायलीत अन् ह्यो सळईला पाणी पाजायलाय!" सगळा मांडव हसला. मी घागर तशीच परत दिली. मग नवरदेवाचा मामा बोलायला उभा राहिला, माईकनं त्याच्या ओठाला झटका दिला, आणि त्यानं आशीर्वाद अर्धे टाकून माझ्या आईचा उद्धार केला.

म्हणून सहकारी संघाच्या जीपचं काम आलं तेव्हा मला हायसं वाटलं. संघाकडं खत-बियाण्याचं काम होतं, दुष्काळात पाण्याच्या टँकरची व्यवस्थाही त्यांच्याच गळ्यात आलेली. टँकर आज कुठल्या वस्तीवर येणार, उद्या कुठं, ते गावोगाव सांगायला जीपवर भोंगा पाहिजे होता. जीपचं अर्थिंग म्हणजे जीपचाच पत्रा. थेंबभर पाणी लागत नाही.

ते कसं असतं ते सांगतो. बॅटरीतून एक वायर मशीनला जाते, ती करंट नेते. नेलेला करंट परत बॅटरीला आला पाहिजे, तर मशीन चालतं. ही परतीची वायर लांबवर न्यायची गरज नसते. जीपच्या पत्र्याला कुठंही आवळली की पत्रा स्वतःच करंट बॅटरीपर्यंत पोचवतो. फक्त पत्रा उघडा पाहिजे. रंग नको, गंज नको, तेल नको. मी सीटच्या मागं फळी ठोकून त्यावर मशीन बसवलं, शेजारी खालच्या पत्र्याला भोक पाडलं, भोकाभोवती पॉलिश पेपर घासला. पत्रा चांदीच्या रुपयासारखा चमकायला लागला तेव्हा नवा बोल्ट टाकून परतीची वायर आवळली. जाणारी वायर समोरून, डॅशबोर्डाखालच्या भोकातून आत घेतली आणि तिथंच फ्यूज लावला. काचेची बोटभर नळी, आत केसासारखी तार. मशीन पूर्ण आवाजात सात-आठ अँपियर खायचं, म्हणून फ्यूज दहाचा. दुकानदार तीसचा देत होता. म्हणाला, हा कधीच जाणार नाही. मी म्हणालो, म्हणूनच नको.

डॅशबोर्डावर एक टेप स्क्रूनं बसवला होता. गाणं लावलं की लोक घराबाहेर येतात, मग बोलायचं. टेपपासून मागच्या मशीनपर्यंत एक बारीक वायर होती, आत आवाजाची तार आणि भोवती तांब्याची जाळी. ही जाळी फक्त आवाजातली खरखर अडवते. ओझं वाहणं तिचं काम नव्हे. ती आणि जाणारी जाड वायर, दोन्ही मी एकत्र बांधून पुढच्या सीटखालून नेल्या होत्या. त्या सीटवर माझी बायको बसायची.

ती तिथं कशी आली तेही सांगतो. पहिले काही दिवस संघाचा कारकून बोलायचा. तो सरकारी कागद वाचल्यासारखा बोलायचा, लोकांना काही कळायचं नाही. एकदा त्याचा घसा बसला आणि तिनं माईक घेतला. "बायांनो, उंद्या टँकर वरच्या वस्तीला येणार, खालच्या न्हाय. उगं खाली जाऊन उभ्या ऱ्हाऊ नगा. भांडं झाकून आणा, धूळ लई हाय." बस्, एवढंच. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब म्हणाले, कारकुनाला हापिसात बसवा, हिलाच पाठवा.

आम्ही बौद्ध. ज्या आडावर तिच्या घागरीला जागा नव्हती, त्याच आडाच्या कट्ट्यावर बाया तिच्या आवाजाची वाट बघत बसायच्या. ती ह्यावर काही बोलायची नाही. मी एकदा बोललो तर म्हणाली, "पाणी कुठं येणार ते मला म्हाईत हाय अन् त्यास्नी न्हाय. एवढं बास झालं की."

जीपचा ड्रायव्हर शेतकऱ्याच्या घरचा, माझ्याहून वयानं मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मिस्तरी आणि तिला वैनी. मनानं चांगला माणूस होता. भाकरीचं फडकं सोडलं की आधी तिच्यापुढं करायचा. मारुतीचा मोठा भक्त, त्याच्या खिशात शेंदराची पुडी कायम असायची. आणि हात गप बसायचे नाहीत. भूमच्या बाजारात चेअरमनसाहेब स्वतः माईकवर बोलत असताना भोंग्याची वायर दारात चेंगरली आणि फ्यूज गेला. साहेब तोंड उघडं ठेवून उभे, बाजार हसायला लागला. दादाला लाज वाटली. मी दुसरा फ्यूज शोधेपर्यंत त्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी दाबली. आवाज लगेच सुरू.

मी ती चांदी काढून त्याच्या हातात दिली.

"दादा, हे परत करायचं न्हाय."

"का? चालू झालं की."

"म्हणूनच. आता वायर जळली तरी हे जाणार न्हाय."

"मिस्तरी, तुमचा फ्यूज लई नाजूक बगा. नवरीवानी."

"नवरीच हाय. घरात आग लागली तर आधी तीच मरती, म्हणून बाकीच्यास्नी कळतं."

तो हसला. बायको हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. 

चैत्र आला. हनुमान जयंतीच्या सकाळी मी जीपजवळ गेलो तर शेंदराचा आणि तेलाचा वास. दादानं जीप पुसली होती, हार घातला होता, लिंबू-मिरची बांधली होती. इथवर ठीक. पण मागं वाकून बघतो तर माझा बोल्ट लाल. त्यानं नट सैल केला होता, वायरीच्या टोकाखाली, वायसरखाली, भोकाच्या कडेला तेलात कालवलेला शेंदूर चांगला बोटानं भरला होता, आणि परत आवळलं होतं. वर एक फूल.

"दादा, हे काय?"

"मिस्तरी, तुमी रोज सकाळी हितं वाकता, पुसता, आवळता. म्या बगतो. समदी जीप हेच्यावर बोलती. मग हे जीपचं ठाणंच, देवाची जागाच न्हाय का? नवा बसवलेला, पर पूजा झाली न्हवती. म्या केली."

त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की हातातला पाना मी परत पिशवीत टाकला. आमच्या भागात रानात एखादा दगड जरा वेगळा दिसला की त्याला शेंदूर लागतो. एकदा लागला की तो दगड राहत नाही. मग त्याला हलवायची कुणाची छाती होत नाही, आणि माझ्यासारख्यानं तर त्याच्याकडं बोटही करू नये.

त्या दिवसापासून जीपचा आवाज बदलला. इंजिनाचा वेग वाढवला की भोंग्यातून बारीक रडल्यासारखी शीळ यायची. तिचा आवाज कधी मोठा, कधी खोल आडातून आल्यासारखा. आणि फ्यूज जाईचना. आधी खड्ड्यात आदळलो तरी एखादा जायचा. आता एकही नाही. दादा म्हणायचा, बगा, ठाण्याचा गुण. मला फ्यूजचं ते गप्प राहणं बरं वाटत नव्हतं.

मग एका दुपारी ती सीटवरून जरा सरकून बसली आणि म्हणाली, "आवं, ही वायर बगा की. माणसाला ताप आल्यावानी लागायली."

मी सीटखाली हात घातला. जाड वायर थंड होती. गरम होती ती टेपची बारीक वायर. आवाजाची वायर गरम होतच नाही, व्हायचं कारणच नाही. मी तिथंच मातीत बसून विचार केला तेव्हा मला उमगलं. शेंदूर-तेलानं परतीची वाट बंद झाली होती. करंटाला तर परत जायचंच होतं. त्यानं दुसरी वाट काढली होती. मशीनमधून त्या बारीक जाळीत, जाळीतून टेपच्या पत्र्यात, तिथून डॅशबोर्डात. सगळ्या मशीनचं ओझं केसासारख्या जाळीवरून चाललं होतं, माझ्या बायकोच्या मांडीखालून. आणि दहाचा फ्यूज गप्प होता, कारण त्याच्या हिशोबानं काही बिघडलंच नव्हतं.

मी बोल्ट खोलला आणि पॉलिश पेपर घेऊन शेंदूर खरवडायला लागलो. आम्ही एका गावच्या पारापाशी उभे होतो. पारावरची माणसं उठून जवळ आली. दादा चहा पिऊन येत होता. त्यानं बघितलं आणि त्याच्या हातातला गुळाचा खडा खाली पडला.

"मिस्तरी, मारुतीला खरवडायलाव?"

तो ओरडला नाही. हळू बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पारावरच्या एकानं विचारलं, कोणाचा आहे हा? दुसऱ्यानं सांगितलं.  मला पॉलिश पेपरचा आवाज ऐकू येत होता, म्हणजे माझा हात अजून चालूच होता. बायकोनं खाली उतरून माझं मनगट धरलं.

"सोडा. उठा. गाडीत बसा."

दुसऱ्या दिवशी शेंदूर परत होता, आणखी जाड. मी चेअरमनसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "आरं, त्येचं दैवत बी ऱ्हाऊ दे, तुजी वायर बी ऱ्हाऊ दे. दोगं मिळून ऱ्हावा की." मी म्हणालो, साहेब, करंट तुमचं ऐकत नाही. माझं बोलणं असंच आहे, तोंडावर. मग म्हणालो, जाड वायर आणून द्या, मशीनपासून थेट बॅटरीच्या परतीच्या टोकाला जोडतो, बोल्टाला हातही लावत नाही. ते त्यांना पटलं. संघाचा ट्रक सोलापूरला जाईल तेव्हा वायर येईल म्हणाले. तोवर मी परतीची वायर चोरून सीटच्या बोल्टाला जोडली. तो गंजलेला. चाकू घालून जमेल तेवढा गंज काढला. ताप थोडा उतरला, गेला नाही.

मी तिला म्हणालो, "ट्रक येईपतूर तू जाऊ नगं."

"मग कोण सांगणार? टँकरचा रस्ता बदललाय ह्या आठवड्यात. बाया जुन्याच जागी उभ्या ऱ्हातील."

"ऱ्हाऊ दे उभ्या."

 सकाळी ती माझ्या आधी जीपजवळ उभी होती, पदर कमरेला खोचून.

त्या दिवशी ऊन असं होतं की जीपच्या दाराला हात लावला तर कातडी चिकटायची. दोन-तीन वस्त्या केल्या. मग दादानं सांगितलं की तेरखेड्याला वळायचं आहे. संघाच्या नव्या गोडाऊनचं उद्घाटन होतं, फटाक्यांचे खोके आणायचे होते. मी खाली उतरून रस्त्यात उभा राहिलो.

"ह्या जीपमधी न्हाय आणायचे."

"का? तेरखेड्यातून रोज गाड्या भरून जात्यात. काय झालं कुनाला?"

"त्या गाड्यांत वायरीला ताप न्हाय, दादा."

"ताप, ताप! मिस्तरी, तुमच्या डोस्क्यालाच ताप हाय. वैनी, हेन्ला सावलीत बसवा वो."

साहेबांचा हुकूम होता. एका शेडमधून खोके उचलले. सीटच्या मागं, मशीनच्या फळीवर, माझ्या पायाशी, सगळीकडं खोके. मी मशीन बंद केलं आणि दादाला सांगितलं, आता थेट गोडाऊन, वाटेत बोलणं नाही. तो बरं म्हणाला. खोक्यांतून गंधकाचा वास येत होता. मी सगळ्या रस्त्यानं सीटखाली वाकून वायरीवर हात ठेवून बसलो होतो. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मशीन बंद, म्हणून वायर थंड.

पण वाटेत एक वस्ती लागली आणि तिथल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन जुन्याच जागी, उन्हात उभ्या. जीप बघून पळत आल्या. दोघीतिघींच्या कडेवर लेकरं. त्यांना वाटलं, जीपमागं टँकर आहे. बायको म्हणाली, "थांबवा." दादानं जीप थांबवली. वस्ती लांबपर्यंत पसरलेली, खालच्या घरांतही बाया होत्याच. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "दोनच शब्द. भोंगा तिकडं करा."

मी मशीन सुरू केलं. का केलं असं मला विचारू नका. बाया उन्हात उभ्या होत्या आणि तिचा शब्द होता. मी उतरलो आणि भोंगा वळवायला पुढं बोनेटवर चढलो. तिनं बोलायला सुरुवात केली. "बायांनो, टँकर हितं न्हाय..." आणि तिचा आवाज खाली गेला. कुणीतरी उशी दाबल्यासारखा. मग शीळ. मग काहीच नाही.

रबर जळाल्याचा वास आला. मी काचेतून आत बघितलं. तिच्या सीटखालून पांढरा धूर निघत होता, सरळ, बारीक, उदबत्तीसारखा. मग तो काळा झाला. बारीक वायर वितळली होती, तिनं शेजारची जाड वायर वितळवली होती, आणि उघडी पडलेली जाड वायर जीपच्या पत्र्याला टेकली होती. आता फ्यूज जायला पाहिजे होता. मी वाट बघितली. खरंच सांगतो, बोनेटवर गुडघे टेकून मी त्या काचेच्या नळीच्या मरणाची वाट बघितली. तो गेला नाही. धुरात ठिणग्या उडायला लागल्या.

दादानं दार उघडलं आणि पळाला. लांबून ओरडला, "वैनी, उडी टाका! उडी टाका!"

ती उडी टाकू शकत होती. दार तिच्या हाताशी होतं. पण दाराबाहेर बाया होत्या, घागरी टेकून, लेकरं घेऊन, आणि धूर बघून त्या आणखी जवळ येत होत्या. मागं खोके. तिनं डॅशबोर्डाखाली वाकून ती जाणारी वायर उजव्या हातानं धरली, फ्यूजपाशी, जिथं रबर वितळून तांबं उघडं पडलं होतं. हाताला एक वेढा घेतला, घागरीची दोरी घेतात तसा, आणि पाय टेकून ओढली. पहिल्यांदा सुटली नाही. मी ऐकलं. तिच्या तोंडून आवाज आला नाही, हाताचा आला. दुसऱ्यांदा सुटली.

मग ठिणग्या थांबल्या. नुसता धूर आणि वर बांधलेली लिंबू-मिरची हलत होती.

मी तिला उतरवलं. तिची मूठ मिटलेली होती, उघडेना. बाया गोळा झाल्या. मशीन तर मेलं होतं. ती जीपच्या पायरीवर बसली आणि कोरड्या घशानं, आपल्या तोंडानं ओरडून म्हणाली, "टँकर वरच्या वस्तीला येणार. हितं न्हाय. खालच्या घरास्नी कुणीतरी सांगा." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. एका म्हातारीनं तिच्या हातावर घालायला घरातल्या घागरीतलं तळाचं पाणी आणलं. गावात तेव्हा ते पाणी कुणाला मागायची हिंमत नव्हती. तिनं न मागता ओतलं, कुणाच्या हातावर ओततेय ते न विचारता.

दादा परत आला तेव्हा रडत होता. तिच्या हाताकडं बघून त्याचा हात आपोआप खिशात गेला, पुडीकडं. तिनं ते बघितलं.

"आता मला बी लावताव का, भाऊजी?"

तो तिथंच खाली बसला.

मी फ्यूजचं घर उघडलं. आत सिगारेटची चांदी होती, दादानं मला न सांगता परत कधीतरी दाबलेली. काळी, पण शाबूत. आणि मागचा बोल्ट बघितला तर तो तसाच, गार, लाल, फूल सुकलेलं. त्याला काही झालं नव्हतं. मी पाना लावून तो काढला आणि दादाच्या ओंजळीत ठेवला. "घ्या. तुमच्या गावात बसवा." त्यानं डोळे पुसले आणि खरंच नेला. त्याच्या गावाबाहेरच्या मारुतीच्या पायाशी त्यानं तो ठेवला. अजून आहे. इतक्या वर्षांच्या शेंदरानं आता नारळाएवढा झाला आहे. येणारे-जाणारे हात जोडतात. आत काय आहे ते मला, दादाला आणि तिलाच माहीत होतं. दादा गेला, आता ती गेली.

भूमच्या डॉक्टरनं हात वाचवला, पण तळहातावर आडवी एक रेघ राहिली, दोरीसारखी उठलेली, आणि बोटं पूर्ण मिटायची नाहीत, पूर्ण उघडायचीही नाहीत. सोलापूरहून जाड वायर आली. मी ती मशीनपासून थेट बॅटरीला जोडली, दहाचा फ्यूज टाकला, त्याच्या घराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात. तिनं माईक डाव्या हातात धरायला सुरुवात केली. पाऊस येईपर्यंत ती त्याच सीटवर बसली. मी रोज तिच्या सीटखाली हात घालून बघायचो. ती म्हणायची, "गार हाय वो, बसा आता." ताप नाही हे कळूनही मला बसवत नसायचं. नंतर जीप संघानं विकली. तरी कित्येक वर्षं घरातल्या पंख्याची वायर, रेडिओची वायर, मोटारीची वायर, हात लावून बघितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

शेवटच्या दिवसांत तिला खरंच ताप असायचा. मी तिच्या कपाळावर हात ठेवायचो आणि मला तीच सीट आठवायची. ह्या वेळी कुठली वायर ओढायची ते मला कळत नव्हतं.

त्या हातानं तिनं जन्मभर भाकरी थापली. रेघ आडवी यायची म्हणून तिची भाकर एका अंगानं जाड राहायची, तिथं कच्ची लागायची. मी कुरकुर करायचो. आता सून भाकरी करते. चांगली करते, सगळीकडून सारखी, गोल, फुगलेली. मी ती हातात घेऊन कडेनं बोट फिरवतो. कुठंच जाड लागत नाही. मग ताट सरकवतो आणि म्हणतो, भूक नाही.